रुमण्यावरचा हात

आई,

तुला लिहायला बसले खरी, पण तू हे वाचणार कशी, ही अडचण तू जिवंत असतानाही होतीच. तुला अक्षर येत नव्हतं. मी पाटी घेऊन बसले की तू चुलीपुढून विचारायचीस, "काय खरडालीस गं एवढं?" आणि पाटी तुझ्यापुढं धरली की त्यावर काहीही असो, "चांगलं हाय" म्हणायचीस. एकदा मी मुद्दाम नुसत्या रेघोट्या ओढून दाखवल्या. तेव्हाही तू चांगलं हाय म्हणालीस आणि मी तोंड लपवून हसले. पुढं अनगोळच्या बालवाडीत मी किती वर्षं पोरं सांभाळली. कुणी पोर रेघोट्यांची पाटी घेऊन पुढं आलं की मला तुझा तो धुरानं डोळे बारीक केलेला चेहरा दिसायचा. आता माझं वय तुझ्या वयाच्या दुपटीच्या वर गेलंय. हिशेबानं तू माझ्या लेकीपेक्षा लहान. तरी तुझ्यापुढं बसल्यासारखं वाटलं की मी सोळा वर्षांचीच होते, आणि चावडीच्या पायरीवर उभी असते.

तिथवर जायच्या आधी तुला सगळं पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय. तुला ते माहीत आहे, पण मी ते कधी तोंडानं बोलले नाही, म्हणून मलाच एकदा ऐकायचं आहे. आप्पा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी घर रिकामं. निपाणीपासून दोन कोसांवरचं आपलं गाव, ओढ्याकाठचं ते काळं रान, रानाच्या दोन्ही अंगांना घायपाताचं दाट कुंपण. रान आपलं नव्हतं. मालक निपाणीत राहायचा, त्याची तंबाखूची वखार होती. रान त्याचं, बैल त्याचे, राबणं आपलं, आणि पीक अर्धं अर्धं. आजोबांपासून असंच चाललेलं. कागद असा कुठंच नव्हता. आप्पांच्या दिवसकार्याला मालकाचा दिवाणजी आला, पाणी प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "रान दुसऱ्याला द्यावं लागंल वैनी. गडीमाणूस न्हाय तुमच्यात." तू पदर डोक्यावर ओढून भिंतीकडं तोंड करून बसलेली. भिंतीलाच म्हणालीस, "यंदाचं वरीस ऱ्हाऊ द्या. माणूस बघतो मी."

माणूस तू बघितला नाहीस. खुरपं, विळा, टोपलं ही सगळी बाईची हत्यारं. तंबाखूचे शेंडे खुडून, बगलेतले फुटवे काढून चिकानं हात काळे करून घ्यायचे ते बाईनंच. पण रुमणं, म्हणजे नांगराची ती धरायची मूठ, तिला बाईनं हात लावायचा नाही. लावला तर पाऊस रुसतो, रान वांझ होतं, घरातल्या पोरीबाळींना चांगलं ठिकाण मिळत नाही. हे कुणी शिकवावं लागत नसे. मला नऊ वर्षांचीला ते माहीत होतं. म्हणून त्या सकाळी तू आप्पांचा पटका डोक्याला गुंडाळलास, कासोटा वर खोचलास, आप्पांचं घोंगडं खांद्यावर टाकलंस, तेव्हा मला रडू आलं. मला वाटलं तुला वेड लागलं. तू मला ओढतच नेलंस. तांबडं फुटत होतं. बैलांपुढं मला उभं करून कासरा हातात दिलास आणि मागं जाऊन रुमणं धरलंस.

पहिलं तास, म्हणजे नांगराची रेघ, असं नागमोडी गेलं की बैलसुद्धा गोंधळले. मी सारखी वळून बघत होते, आणि मी वळले की बैल वळत. तू एकदा सांगितलंस, दोनदा सांगितलंस, आणि तिसऱ्यांदा जवळ येऊन पाठीत धपाटा घातलास. "माझ्याकडं काय बघालीस? म्होरं बघून चाल. मागं बघितलंस की तास वाकडं जातंय." तो धपाटा मला अजून आठवतो, कारण मारतानाही तू गावाच्या वाटेकडं बघत होतीस. तूही घाबरली होतीस हे मला त्या बघण्यावरून कळलं. दिवस वर आला, वाटेवर माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, की तू पटका सोडायचीस, बैल बाभळीला बांधायचीस आणि खुरपं घेऊन बांधाकडंला बसायचीस. येणारा जाणारा विचारायचा, "कोण नांगरालंय गं?" तू मान वर न करता सांगायचीस, "मालकानं गडी धाडलाता. गेला न्हवं का आत्ताच."

तो गडी सात वर्षं आत्ताच गेलेला असायचा. मी त्याच्याबद्दल इतक्या वेळा सांगितलं की मला त्याचा चेहरा दिसायला लागला होता. नांगराचा फाळ आप्पांचा होता. तो दरसाल लोहाराकडं शेवटून, म्हणजे तापवून टोक काढून, आणावा लागे. तू स्वतः न्यायला भ्यायचीस, म्हणून मी फडक्यात गुंडाळून न्यायची आणि लोहाराला सांगायची, "मालकाच्या गड्यानं दिलाय." लोहार चांगला माणूस. भाता ओढता ओढता म्हणायचा, "कसला गडी बाबा हा, कधी नदरंला पडत न्हाय." मी हसायची. लपवाछपवीची मला मजा वाटायला लागली होती. आपल्या दोघींचं एक गुपित आहे आणि सगळ्या गावाला आपण फसवतोय, याचा मला गर्वच होता म्हण. रान चांगलं पिकत होतं. पाऊस काही रुसला नाही. मालकाच्या घरी अर्धा तंबाखू वेळेवर जात होता, म्हणून मालकानंही कधी विचारलं नाही की नांगर कोण धरतं. तू मला चौथीपर्यंत शाळेत घातलंस तेव्हा बायका नावं ठेवायच्या. तू म्हणायचीस, "माझ्यावानी अंगठा नगं हिचा."

मग तो कायदा आला. स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शाळेच्या मास्तरांनी चावडीपुढं कागद वाचून दाखवला. जे कूळ सलग सहा वर्षं स्वतः जमीन कसतंय, त्याला मालकानं मनाला येईल तेव्हा काढायचं नाही, त्याचं नाव दप्तरी लागेल. बायका लिंबाच्या झाडाखाली थोड्या लांब बसून ऐकत होत्या. घरी आल्यावर तू मला दोनदा विचारलंस, "सोताच्या हातानं, असं लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, "स्वतः कसणारा, असं आहे." तू बोटं दुमडून मोजलंस. सात. परत मोजलंस. मग तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस. तुझ्या तोंडावर तेव्हा जे होतं त्याला आनंद म्हणावं का, मला कळत नव्हतं. इतकी वर्षं जे पाप म्हणून लपवलं, तेच आता सरकार मागत होतं.

मालक काही दूधखुळा नव्हता. आसपासच्या सगळ्या मालकांनी त्या वर्षी कुळं हलवायला सुरुवात केली. सलग वर्षं मोडावीत म्हणून कुणाला या रानातून त्या रानात घातलं, कुणाकडून आपण नुसते रोजगारी आहोत म्हणून अंगठा घेतला. आपल्याकडं दिवाणजी आला आणि त्यानं कागद पुढं केला. तू अंगठा दिला नाहीस. "पोरगीला वाचू दे," म्हणालीस. मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की रान मालक स्वतः गड्याकरवी करतो आणि ही बाई खुरपणीला रोजानं येते. दिवाणजी माझ्याकडं बघत राहिला, पोर वाचते हे त्याच्या ध्यानात नव्हतं. कागद घडी करून जाताना म्हणाला, "बघा मग. चौकशी लागंल. नांगर कोण धरतं ते चार माणसांत सांगावं लागंल."

त्याच दिवसांत माझं लग्न ठरत होतं. आत्याची सगळी खटपट. ती बेळगावात खासबागेत राहायची, तिच्या ओळखीचं अनगोळचं घर. शेती होती, मुलगा शहरात नोकरीला, घरात बारा माणसं, सासू कडक पण माणसं चांगली. सुपारी फुटली होती. मुलानं मला बघितलं तेव्हा मी मान खाली घातलेली, पण त्याच्या पायातल्या वहाणा मला दिसल्या, नव्या कोऱ्या, आणि त्या माणसाला त्या चावत असाव्यात, कारण तो सारखा एक पाय दुसऱ्यावर ठेवत होता. आई, मला तो तेवढ्यावरच आवडला होता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, असं कधी कधी मनात येतं, आणि मग मीच मला म्हणते, उगाच पळवाटा शोधू नकोस.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तू भाकऱ्या थापत होतीस. आत्या आली होती, ती बाहेर पायरीवर बसलेली. तू आवाज न चढवता म्हणालीस, "उद्या मला इचारतील. मी सांगणार, नांगर मीच धरतो म्हणून. मग साक्षी कोण म्हणतील. तू सांग." मी म्हटलं, "सगळ्यांसमोर?" तू म्हणालीस, "मग काय कानात सांगतीस?" आत्यानं ऐकलं असावं. ती आत आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. "वैनी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुमचं? अनगोळकरांच्या कानावर गेलं की बाईनं नांगर धरलाय, तर सुपारी उद्याच्या उद्या परत येईल. ह्या घरातली पोर कोण करंल मग?" तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाण्याचा हात फिरवलास. मी तुझ्याकडं बघत होते. तू आत्याशी न बोलता मला म्हणालीस, "लगीन मोडलं तर दुसरं हुईल. रान दुसरं न्हाय."

मला ते फार लागलं. आज मला कळतं की तू हिशेब मांडत नव्हतीस, जे खरं होतं तेच बोलत होतीस. रान असलं तर मी उपाशी राहणार नव्हते, लग्न झालं तरी आणि न झालं तरी. पण सोळा वर्षांच्या पोरीला एवढंच ऐकू आलं की आईला माझ्यापेक्षा रान मोठं आहे. सात वर्षं मी बैलांपुढं चालले ते रानासाठीच, माझ्यासाठी कधी काही नव्हतंच, असलं काहीबाही मनात फिरत राहिलं. मी भाकरी खाल्ली नाही. तू दोनदा म्हणालीस खा, मग तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस आणि ताट झाकून ठेवलंस.

चावडीवर अंमलदार बेळगावाहून आलेला. कानडी माणूस असावा, मराठी बोलायचा पण अधूनमधून कानडी येई. चेहऱ्यानं गरीब वाटला. खरं सांगायचं तर तो आपल्या बाजूचा होता, आणि हेच मला पुढं जास्त खुपत राहिलं. मालकाचा माणूस आधी बोलला. मग मालकाचा गडी. तो मालकाच्या दारात जेवणारा, म्हणाला सात वर्षं मीच नांगरतोय. मग लोहाराला बोलावलं. लोहार काही खोटं बोलला नाही. "फाळ पोरगी आणायची साहेब. मालकाच्या गड्यानं दिलाय म्हणायची," एवढंच त्यानं सांगितलं आणि तो बाजूला झाला. आपण दोघींनी सात वर्षं जे रचलं होतं, ते असं एकेक करून मालकाच्या पदरात पडत होतं. आपलाच गडी, आपणच तोंडानं घडवलेला, आता आपल्याविरुद्ध उभा होता.

मग तुला बोलावलं. तू पायरीखाली उभी राहिलीस, पदर घट्ट, तोंड खाली. अंमलदार म्हणाला, "अम्मा, घाबरू नका. खरं असेल ते सांगा. नांगर कोण धरतं?" तू तोंड वर केलंस. गावात इतक्या वर्षांत कुणी तुझं तोंड धड बघितलं नव्हतं. "मीच धरतो," म्हणालीस. माणसं हसली. सगळी नाही, पण बरीच. एक म्हातारा थू म्हणाला आणि उठून गेला. अंमलदारानं हातानं सगळ्यांना गप्प केलं. "हौदा? खरंच? तुम्ही स्वतः?" तू हात पुढं केलेस, तळवे वर. उजव्या तळव्याच्या मधोमध रुमण्याचा आडवा घट्टा होता, जुन्या चामड्यासारखा. तो वाकून बघायला लागला. दिवाणजी हसून म्हणाला, "खुरप्यानं बी पडत्यात की साहेब घट्टे." अंमलदार म्हणाला, "कुणी बघितलंय?" गावानं कसं बघावं? तू गावाला बघू दिलंच नव्हतंस. "माझी लेक हाय," तू म्हणालीस. "सात वर्सं बैलाम्होरं तीच चालली."

मी पुढं झाले. लिंबाखाली आत्या उभी होती, तिनं पदराचं टोक दातात धरलेलं. अंमलदारानं आधी माझं वय विचारलं, मग विचारलं शाळेत गेली होतीस का. मी म्हटलं चौथी. तो बरं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आई नांगर धरते का?" मी तुझ्याकडं बघितलं नाही. तूच शिकवलं होतंस, मागं बघायचं नाही. मी समोर चावडीच्या खांबाकडं बघत म्हटलं, "आई खुरपायला असते. नांगर गडी धरायचा."

अंमलदारानं मला परत विचारलं, सावकाश, जणू माझ्याकडून दुसरं उत्तर येईल अशी त्याला आशा होती. मी तेच सांगितलं. त्यानं लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि टाक माझ्या हातात दिला. अंगठा नको म्हणून तू मला शाळेत घातलं होतंस. माझ्या जन्मातली पहिली सही मी त्या जबाबाखाली केली, सुबक, वळणदार, मास्तरांनी शिकवलं होतं तशी. तू लांबून ती सही बघत होतीस. मला एक क्षण भीती वाटली की तू म्हणशील, चांगलं हाय.

घरी येताना तू पुढं आणि मी मागं. मला वाटत होतं मार, शिव्या दे, केस धर. घरात येऊन तू झाकलेलं ताट उघडलंस, कालची भाकरी हातानं कुस्करलीस, त्यावर ताक ओतलंस आणि माझ्यापुढं सरकवलंस. "खा," म्हणालीस. मी खाल्लं, आई. भूक लागली होती. रडत रडत सगळं खाल्लं आणि ताट चाटूनपुसून ठेवलं, याची मला आजही किळस येते.

पुढचं तू मला कधी सांगितलं नाहीस, आत्याकडून कळलं. चावडीवरची गोष्ट अनगोळला गेलीच. सासरे आत्याच्या घरी आले आणि विचारलं, बाई चार माणसांत नांगर धरतो म्हणाली, हे काय प्रकरण? आत्यानं तुला बोलावून घेतलं. तू एवढी चालत निपाणीला गेलीस, तिथनं मोटारीनं बेळगाव, मोटारीत पहिल्यांदाच बसलेली. खासबागेतल्या त्या सोप्यावर माझ्या सासऱ्यांपुढं तू हात जोडलेस. "व्हय. बोललो मी तसं. रानापायी खोटं बोललो. माझी लेक खरं बोलली, तेवढं ध्यानात धरा." सासरे म्हणाले, चला, पोर तरी खरी निघाली. त्या एका वाक्यावर मी अनगोळच्या घरात गेले. सासूबाई जन्मभर चारचौघींत सांगायच्या, आमची सून आईसाठीसुद्धा खोटं बोलली नाही. मी भाजी निवडत खाली मान घालून ऐकत असायची.

गावानं तुला खोटारडी ठरवलं. पोरंसुद्धा तुझ्यामागं नांगरवाली म्हणून ओरडायची, हे मला माहेरच्या बायकांनी सांगितलं. रान मालकानं काढून घेतलं. पलीकडच्या बांधावरच्या कुळाचं नाव त्याच चौकशीत दप्तरी लागलं आणि पुढं ते रान त्याच्या पोरांचं झालं. तो कायदा तुझ्यासारख्यांसाठीच होता, आणि तो तुझ्या दारापर्यंत आलाही होता. दार आतून मी लावलं. माझ्या पाठवणीच्या दिवशी तू ट्रंक भरलीस, दोन लुगडी, एक परकर, तांब्या. अनगोळला आल्यावर सासूबाईंसमोर ट्रंक उघडली तर तळाशी तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला फाळ. लख्ख घासलेला. सासूबाई म्हणाल्या, "हे काय गं बाई?" मी म्हटलं, "वडलांची आठवण." त्या हळहळल्या आणि त्यांनी तो देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. तू तो का दिलास, हे मला साठ-सत्तर वर्षांत ठरवता आलेलं नाही. काही दिवस मला तो शिव्यांसारखा वाटायचा. काही दिवस वाटायचं, तुझ्याकडं देण्यासारखं दुसरं काय होतं?

तुला शेवटचं बघितलं ते वखारीत. त्याच मालकाची वखार. स्वातंत्र्य आलं होतं, चौकात झेंडे होते. मी नवऱ्याबरोबर निपाणीला आले होते, नवी साडी नेसून. तू बायकांच्या रांगेत तंबाखू चाळत बसलेली, तोंडाला फडकं, पापण्यांवर पिवळी धूळ. हवेत तंबाखूचा एवढा उग्र खाट की मला दारातच शिंका यायला लागल्या. तू उठलीस, लांबच थांबलीस. "आत येऊ नगंस, साडी खराब हुईल." मग खोकल्याची उबळ आली, तू भिंत धरलीस. उबळ संपल्यावर विचारलंस, "सासू बरी हाय न्हवं?" मी हो म्हटलं. मी काहीतरी बोलणार होते, खरंच बोलणार होते, पण मुकादमानं हाक मारली आणि तू परत जाऊन बसलीस. तुझा उजवा हात चाळणीवर होता. घट्टा बराच मऊ झालेला दिसला. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत तू गेलीस, आणि मला बातमी पोचली तेव्हा दहावासुद्धा उरकला होता.

आता घरात त्या चावडीचं विचारणारं कुणी राहिलेलं नाही. सासूबाई गेल्या, सासरे गेले, तो नव्या वहाणांचा माणूसही गेला. त्याला मी सांगू शकले असते. चाळीस वर्षं एका घरात झोपलो. एकदा त्यानं तुझी आठवण काढली आणि म्हणाला, "बिचारीनं रानासाठी काय काय केलं." मी म्हटलं, हो. एवढंच.

मागच्या आठवड्यात घराला रंग द्यायचा म्हणून सगळं फळीवरचं खाली काढलं, आणि फाळ परत बाहेर आला. गंजलाय, पण टोक अजून आहे. पणती आली, सात वर्षांची, दप्तर पाठीला तसंच. दोन्ही हातांनी तो उचलायला बघत म्हणाली, "पणजी, हे कुणाचं गं?" घरात ती आणि मी दोघीच. लग्न मोडायची भीती कुणाची नव्हती, हसणारं कुणी नव्हतं, लिंबाखाली कुणी उभं नव्हतं. नुसतं तुझं नाव सांगायचं होतं. मी म्हटलं, "माझ्या वडलांचा. ते फार छान नांगरायचे."

ती बरं म्हणाली आणि खेळायला गेली. मी फाळ परत फडक्यात गुंडाळला आणि हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर हे फडक्यात फाळाबरोबर ठेवायचं असं ठरवलं होतं, म्हणजे माझ्यामागं कुणाच्या तरी हाती लागेल. पण ती पोरगी आता वाचायला शिकलीय, आई. लिहून झालेली पानं मी घडी घालून पोलक्यात ठेवलीत, आणि दारात कुणाचं पाऊल वाजलं की अजून हात तिकडं जातोय.